तळ्यातळ्यानं नागझिरा-नवेगाव

पूर्व विदर्भातल्या नागझिरा-नवेगावच्या जंगलात जायचं बाबांच्या मनात बरीच वर्षं होतं, आणि त्याचं कारण वाघ नव्हतं. पाटबंधारे खात्यात लागल्यावर सुरुवातीचे काही महिने ते इटियाडोह धरणाच्या कालव्यावर होते. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, त्याआधी तो सगळा भंडाराच. त्या दिवसांत पाहिलेली तिथली तळी ते अजून विसरलेले नाहीत. मला रानकुत्रे बघायचे होते. नागपूरच्या मामेभावाला सारस बघायचा होता आणि गाडी त्याची होती. तिघांच्या तीन इच्छा एका नकाशात बसल्या आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो.

पहिला दिवस : नागपूर – साकोली – पिटेझरी

भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली की मुलूख बदलतो. कापूस मागे पडतो आणि धान सुरू होतं. कापणी उरकलेली होती. बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांत, कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले, काही ठिकाणी चुरणं, म्हणजे मळणी, चाललेलं. जिथं धान उभं असतानाच लाखोळी हे कडधान्य टाकलं होतं तिथं आता हिरवं फुटलं होतं. वळणावळणाला पाणी दिसत होतं, कुठं मोठं तळं, कुठं एखाद्या शेतकऱ्याची छोटी बोडी.

साकोलीच्या अलीकडे बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि एका तळ्याच्या पाळीवर चढले. पाळ म्हणजे मातीचा बांध. वर बाभळी आणि मोहाची दोन म्हातारी झाडं. खाली पाणी सोडायचं दार, त्याला इथं तुडूम म्हणतात. जास्तीचं पाणी निघून जायला एका टोकाला सलंग. शेळ्या चारत बसलेल्या एका आजोबांनी बाबांना सगळं फिरून दाखवलं. पाणी किती शेतीला पुरतं, असं विचारल्यावर म्हणाले, "पानी बरा आला त सब्याइले पुरते जी. नाई आला त वरच्या बांध्याइले."

ही तळी कोहळी समाजानं बांधली. ऊस आणि धान पिकवणारे हे लोक, आणि जमिनीचा उतार नजरेनं ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. एका तळ्याचं सांडवलेलं पाणी खालच्या तळ्यात जाईल अशी साखळी त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी बसवली. पुढं ती मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे गेली, आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारकडे. सरकारी कागदावर त्यांना 'माजी मालगुजारी' म्हणतात, बोलण्यात 'मामा तलाव'. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून अशी साडेसहा हजारांवर तळी आहेत. बाबा म्हणाले, "आम्ही लेव्हल मशीन घेऊन फिरायचो आणि शेवटी रेघ तिथंच यायची जिथं यांची पाळ आधीपासून होती."

पिटेझरी हे नागझिऱ्याच्या सीमेवरचं गाव. गावातल्याच एका घरी उतरलो. रात्रीच्या जेवणात चिन्नोरचा भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी आणि चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याचा वास आधी नाकाशी आला, माहिती नंतर कळली. घरच्या काकूंनी माझ्या ताटात तिसऱ्यांदा भात वाढला आणि म्हणाल्या, "खाऊन घे बाई, सकाडी जिप्सीत थंडी खाशीन."

जाणाऱ्यांसाठी : गोंदिया किंवा नागपूर रेल्वेनं गाठून पुढं गाडी करणं सोयीचं. पेट्रोल, एटीएम, औषधं साकोलीतच उरकून घ्या. पिटेझरी गेट भंडारा जिल्ह्याच्या बाजूला आणि चोरखमारा गेट गोंदियाच्या बाजूला आहे. मुक्काम कुठं आहे ते पाहूनच गेट निवडा, नाहीतर पहाटे अंधारात लांबचा वळसा पडतो. सफारीचं आरक्षण वन विभागाच्या संकेतस्थळावर होतं, साप्ताहिक सुट्टीचा वारही तिथंच बघून घ्या. पावसाळ्यात जंगल बंद असतं.

दुसरा दिवस : नागझिरा

काकूंचं बोलणं खरं ठरलं. पारा दहाच्या खाली होता आणि उघड्या जिप्सीत वारा स्वेटरमधून आत शिरत होता. गाईड म्हणून पिटेझरीच्याच एक ताई होत्या, खाकी सदरा, डोक्याला मफलर. गेटवर मोबाईल बंद करून पिशवीत टाकायला सांगितलं. सफारीत मोबाईल वापरायला मनाई आहे आणि ती मला मनापासून पटते. फोन नसला की माणसं कान वापरतात.

आत शिरताच ऐन, धावडा, बीजा, तेंदू आणि मधूनमधून बांबूची बेटं. रस्त्याच्या वर दोन झाडांमध्ये ताणलेली मोठ्या कोळ्यांची जाळी दवानं भरून गेली होती. उन्हाची तिरीप आली की त्यांचे धागे पिवळे दिसायचे. ताईंनी सांगितलं, ती जायंट वुड स्पायडरची मादी. नर इतका लहान की जाळ्यात कुठं बसलाय ते शोधून दाखवावं लागतं. त्यांनी दाखवला.

वाघीण पहिल्या तासातच दिसली. उजवीकडून चितळाचा इशारा, पाठोपाठ वानराची खोकल्यासारखी हाक. ताईंनी हात वर केला, जिप्सी थांबली. वाघीण बांबूतून निघाली, आमच्याकडे न बघता रस्ता ओलांडून पलीकडच्या उतारावर गेली. अर्धं मिनिट असेल. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून या जंगलात सोडल्या होत्या. त्यांच्यापैकी ही होती का, हा मामेभावाचा पहिला प्रश्न. गळ्यात रेडिओ कॉलर दिसली नाही, एवढंच ताई म्हणाल्या, आणि अंदाज बांधायचं त्यांनी टाळलं. मला ते आवडलं.

खरी सकाळ त्यानंतर घडली, नागझिरा तलावावर.

तलाव अभयारण्याच्या मध्यावर आहे. आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर वाफ होती आणि काठापासून थोड्या अंतरावर एक सांबर मादी पोटापर्यंत पाण्यात उभी होती. शेपटी ताठ, कान पुढं. ती कुणाकडे बघतेय ते कळायला क्षणभर लागला. पलीकडच्या गवतात एक तांबडं डोकं वर आलं, मग दुसरं, मग तिसरं. रानकुत्रे. इथं त्यांना कोळसून म्हणतात. भुंकत नाहीत, शीळ घालतात. ती शीळ मी प्रथमच ऐकली, बारीक, तुटक, पाखराची वाटावी अशी. एकानं घातली की काठाच्या दुसऱ्या टोकावरून उत्तर यायचं.

एक कुत्रा पाण्यात उतरला आणि पोहत तिच्याकडे निघाला. तो जवळ येईपर्यंत मादी हलली नाही. मग पुढचे दोन्ही पाय उचलून तिनं पाण्यावर असा तडाखा दिला की तो माघारी वळला. काठावर येऊन अंग झाडून बसला. बाकीचे आधीच बसले होते. कुणाला घाई नव्हती. एकमेकांची तोंडं चाटत होते, दोन पिल्लं एका वाळक्या काटकीवरून ओढाओढ करत होती, आणि त्याच वेळी टोळीतला एक जण कायम मादीवर डोळे रोखून असायचा. तो थकला की उठायचा आणि दुसरा त्याच्या जागी यायचा.

रानकुत्र्यांना आपल्याकडे फार वाईट नाव आहे. जिवंत जनावर फाडतात म्हणून त्यांना क्रूर म्हणतात. त्यांचे जबडे वाघासारखे गळा दाबून मारण्याजोगे नाहीत, आणि वाघ-बिबट्यानं शिकार हिसकायच्या आत खाऊन मोकळं व्हावं लागतं, म्हणून ते तसं करतात. ब्रिटिशांच्या काळात त्यांना मारल्याबद्दल बक्षीस मिळायचं. आज जगभरात त्यांची संख्या इतकी घटलीय की हा प्राणी संकटग्रस्तांच्या यादीत आहे. मध्य भारतातली ही जंगलं त्यांच्या उरलेल्या चांगल्या ठिकाणांपैकी एक. पर्यटक मात्र ते दिसले तरी जिप्सी पुढं काढायला सांगतात, असं ताई खंतावून म्हणाल्या. आमच्या मागून आलेल्या एका गाडीनं तसंच केलं.

आम्ही वेळ संपेपर्यंत थांबलो. ऊन चढलं तशी टोळी एकेक करून जांभळाच्या सावलीत गेली. मादी पाण्यातच होती. काठ सोडायचा की नाही याचा निर्णय तिनं अजून घेतला नव्हता.

दुपारच्या फेरीत गव्यांचा कळप. आमच्या रस्त्यावर एक काळाभोर नर आडवा उभा राहिला आणि चालकानं इंजिन बंद केलं. त्याच्या पायांचे पांढरे मोजे आणि खांद्यावरचा उंचवटा इतक्या जवळून बघताना आपण किती हलके आहोत ते जाणवतं. तो बाजूला झाल्यावरच आम्ही हललो. पोंगेझऱ्याकडे उतारावर वारुळ उकरून ठेवलेलं दिसलं, ताजी माती, अस्वलाच्या नखांचे ओरखडे. अस्वल काही दिसलं नाही. पोंगेझरा हा डोंगरातून येणारा बारमाही झरा. मे महिन्यात बाकीचं पाणी आटतं तेव्हा जंगलाची सगळी हालचाल अशा दोन-चार जागांभोवती गोळा होते. बाबा तिथं गप्प होते, मग म्हणाले, "वरचं जंगल राखलं म्हणून हा झरा आहे. आमच्या खात्यात ही गोष्ट कागदावर कुठंच नसायची."

संध्याकाळी गेटबाहेर चहा घेताना 'जय'चा विषय निघाला. इथला वाघ, २०१३ मध्ये शंभराहून जास्त किलोमीटर चालून उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, तिथं राज्य केलं आणि २०१६ च्या एप्रिलनंतर कुणालाच दिसला नाही. टपरीवरच्या प्रत्येकाला त्याच्याबद्दल काही सांगायचं होतं. शेतं, कालवे, रेल्वे, महामार्ग, सगळं ओलांडून तो गेला होता. नागझिरा आणि नवेगाव या दोन जंगलांच्या मधूनही मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. व्याघ्रप्रकल्प म्हणून २०१३ च्या डिसेंबरात दोन्ही एकत्र झाली, पण एका जंगलातून दुसऱ्यात जायला जनावराला हा महामार्ग ओलांडावाच लागतो. त्या रस्त्यावरून रात्री जाणार असाल तर वेग कमी ठेवा, ही माझी हात जोडून विनंती.

तिसरा दिवस : नवेगावबांध

कोहमाऱ्याला महामार्ग सोडून दक्षिणेला वळलो. नवेगावबांधचं पाणी झाडांमधून अचानक समोर येतं आणि संपतच नाही. जवळपास अकरा चौरस किलोमीटरचा पसारा, भोवती डोंगर. हे तळं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं. बाबांनी पाळीवर उभं राहून दोन्ही टोकं बघितली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. सगळीकडून डोंगरांनी धरलेलं पाणी आणि जिथं फट होती तेवढीच बुजवलेली. "जागा शोधणं हेच खरं काम. माती कुणीही टाकेल," असं ते शेवटी म्हणाले.

भोवतालच्या सात शिखरांना इथले लोक सात बहिणी म्हणतात. तळं बांधताना या बहिणींनी कोलू पाटलाला मदत केली, असं मानतात. आणि कोलू पाटील स्वतः आता कोलासूर स्वामी झालेत. एका शिखरावर त्यांचं ठाणं आहे. तळं बांधणाऱ्या माणसाला देव करणाऱ्या लोकांबद्दल मला फार आदर वाटला.

पक्षी बघायचे तर सकाळी लवकर पाळीवर या आणि दुर्बीण आणाच. पाण्याच्या मधोमध मोठ्या लालसरींचा थवा होता. नरांची शेंदरी डोकी उन्हात पेटल्यासारखी. तलवार बदकं शेपटी वर करून बुडत होती. अडईंची शीळ सतत कानावर. काठाच्या पाणवनस्पतींवर कमळपक्षी लांब बोटं टाकत चालत होते, वारकऱ्यांची एकमेकांशी भांडणं चालू होती. एका वाळक्या झाडावर मत्स्यगरुड बसला होता. तो उठला की पाण्यावरची सगळी बदकं एका दिशेला सरकायची आणि तो बसला की हळूहळू परत पसरायची. महाराष्ट्रात नोंदलेल्या पक्ष्यांपैकी निम्म्याहून जास्त जाती एकट्या या परिसरात सापडल्यात असं सांगतात. तळ्यालगतच्या पक्षी अभयारण्याला डॉ. सालिम अलींचं नाव आहे.

मराठी वाचकाला नवेगाव म्हटलं की मारुती चितमपल्ली आठवणारच. ते वनाधिकारी म्हणून इथं बरीच वर्षं होते, आणि २०२५ च्या जूनमध्ये गेले. जंगल आणि पाखरं ओळखायला त्यांना इथल्याच लोकांनी शिकवलं, नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार त्यांत मोठे. पुस्तकी नावं आणि गावची नावं एकत्र आणण्याचं काम या तळ्याच्या काठावर झालं याचा मला, या भाषेत वाचणारी म्हणून, अभिमान वाटतो.

आमच्याबरोबरच्या वाटाड्यानं काठावरच्या एका सपाट दगडाजवळ बसून आम्हाला वाकायला लावलं. वाळलेली विष्ठा, तिच्यात माशांचे खवले चकाकत होते. पाणमांजर. ती ठरलेल्या जागीच विष्ठा टाकतात, आपली हद्द सांगायला. शेजारी चिखलात पाचही बोटांचे ठसे, मधलं कातडं उमटलेलं. आम्ही अंतरावर एका झाडाआड दुपारभर बसलो. पाणमांजर आलं नाही. बंड्या धीवर मात्र पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबायचा आणि दगडासारखा खाली पडायचा. त्याच्या किती बुड्या वाया जातात ते मोजायचा नाद मामेभावाला लागला.

रेल्वेनं थेट येणाऱ्यांना गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं देवलगाव स्टेशन जवळ पडतं. गाड्या कमी आहेत, वेळापत्रक आधी बघा.

चौथा दिवस : इटियाडोह आणि गोठणगाव

इटियाडोह हे गाढवी नदीवरचं मातीचं धरण. बाबांना त्यांच्या वेळचं ऑफिस सापडलं, ओळखीचं मात्र कुणी उरलं नव्हतं. जलाशयाच्या काठानं ते एकटेच फिरून आले. आम्ही तोवर मासेमारी करणाऱ्या एका ढीवर काकांशी बोलत बसलो. त्यांचा डोंगा काठाला ओढून ठेवला होता आणि ते जाळं विणत होते. त्यांच्या गावच्या तळ्यात पूर्वी देवधान यायचं. हे पाण्यात आपोआप उगवणारं रानटी भात, ऋषिपंचमीच्या उपासाला लागतं. कमळ होतं, शिंगाडा होता. मग बेशरम वाढली. बेशरम म्हणजे ती फिकट जांभळ्या फुलांची झुडपं. काठ गिळत जातात आणि खाली दुसरं काही येऊ देत नाहीत. "गवत गेला, त मरळ गेली. मरळ गवतातच राहे ना जी. मरळ गेली, त पाखरू कशाले येईन?" असं म्हणून काकांनी विणायला परत सुरुवात केली. पाणवनस्पती, मासे आणि पक्षी यांचा संबंध इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितला नव्हता.

धरणापासून जवळच गोठणगावला आलो आणि रस्त्याच्या कडेला मंत्रांच्या पताका दिसल्या. १९७२ पासून इथं तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. डोंगर-बर्फाच्या मुलखातली माणसं विदर्भाच्या उन्हात पन्नासहून जास्त वर्षं राहतायत. डिसेंबरात वसाहत शांत असते, कारण तरुण मंडळी स्वेटर विकायला शहरांत गेलेली असतात. एका आजींनी घराच्या ओसरीवर बसवून लोणी घातलेला खारट चहा दिला. त्यांचं मराठी झाडीबोलीच्या, म्हणजे इकडच्या बोलीच्या, वळणाचं होतं. थंडी कशी वाटते विचारलं तर हसल्या, म्हणाल्या, "थंडी बरी आहे. उन्हाडा कठीन."

रात्री जवळच्या गावात नाटक होतं. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू झाले की झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, रोज कुठं ना कुठं नाटक असतं, ते होळीपर्यंत. वडशाच्या नाटक कंपन्या ट्रकात नेपथ्य भरून गावोगाव जातात. प्रेक्षकांची जागा उतरती खणतात आणि निघालेल्या मातीचा मंच करतात, त्यामुळे शेवटच्या माणसालाही दिसतं. आसपासच्या गावांतली माणसं घोंगड्या पांघरून बसली होती. मध्यंतरात माईकवरून सूचना झाली, अमुक गावच्या लोकांनी एकेकट्यानं निघू नये, वाटेवर परवा बिबट दिसलाय, सोबतीनं जावं. कुणी घाबरलं नाही, कुणी हसलंही नाही. सूचना ऐकून लोक परत नाटकाकडे वळले. नाटक पहाटेपर्यंत चाललं. आम्ही मध्येच उठलो, कारण सकाळी गोंदिया गाठायचं होतं.

पाचवा दिवस : गोंदियाचे सारस

महाराष्ट्रात सारस उरलाय तो याच पट्ट्यात, गोंदिया आणि थोडा भंडारा, आणि त्यांची संख्या दोन आकडीच आहे. परसवाडा, झिलमिली ही तळी पक्षीप्रेमींना माहीत आहेत. आम्हाला ज्या गावात सारस दिसले त्याचं नाव मी लिहिणार नाही. अंडी चोरीला जाण्याचा धोका खरा आहे, आणि फोटोसाठी बांध तुडवत जाणाऱ्यांचाही.

बरोबर एक सारसमित्र, म्हणजे सारसांवर लक्ष ठेवणारा स्थानिक तरुण होता. धुकं होतं, कापलेल्या बांध्यांमध्ये काही दिसत नव्हतं. आधी आवाज आला. तुतारीसारखा, आणि त्यात दोन आवाज गुंतलेले. तो म्हणाला, नीट ऐका, एक हाक लांब आणि तिच्यावर दोन आखूड. लांब हाक नराची, दोन आखूड मादीच्या. दिसायला दोघं सारखेच, म्हणून ओळख गाण्यावरूनच. धुकं वर गेलं तेव्हा ती जोडी आमच्यापासून दोन बांध्या सोडून उभी होती. माणसाच्या उंचीची, राखाडी अंग, लाल मान. त्यांच्यामागं या वर्षीचं पिल्लू, डोकं अजून तपकिरी. सांडलेलं धान टिपत तिघं बांधावरून पुढं सरकत गेली. एका ठिकाणी पिल्लू मागं राहिलं तर दोघंही थांबली.

शेताचे मालक आमच्याबरोबर बांधावर उभे होते. रोवणीनंतर त्यांच्याच बांधीत जोडीनं घरटं केलं होतं. पाण्यातच गवत-धानाचा ढीग, वर दोन अंडी. महिनाभर नर-मादी आळीपाळीनं बसली. घरट्याभोवतीचं धान मालकांनी निंदलंही नाही आणि फवारलंही नाही. त्यातून एकच पिल्लू जगलं. सारसाला सगळ्यात मोठा धोका विजेच्या तारांचा आणि शेतातल्या विषाचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून तारा आणि तळी यांवर बोलणं तरी सुरू झालं. "न्यायालयाच्या आधीपासून आमी त्याइले राखून राहिलो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार होती आणि ती रास्त होती.

सारस बघायला जाणाऱ्यांनी एवढं पाळा : शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बांधीत पाय टाकू नका, रस्त्यावरूनच बघा, ड्रोन आणूच नका, आणि स्थानिक सारसमित्राला बरोबर घ्या. त्याच्या दिवसाचे पैसे द्या.

चहाला त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी बाबांना एक अडचण सांगितली. गावच्या मामा तलावातला गाळ यंदाच्या उन्हाळ्यात काढायचं ठरतंय. मागं शेजारच्या गावात जेसीबी लावून तळं विहिरीसारखं सरळ खोल केलं. पाणी वाढलं, पण उथळ काठ गेला, गवत गेलं आणि तिथली सारसाची जोडी परत आली नाही. इथं तसं होऊ नये, पण गाळ तर काढायलाच हवा, धानाला पाणी कमी पडतं.

बाबांनी माझ्याकडून वही मागून घेतली. तळ्याचा आडवा छेद काढला. मध्ये खोल, पाळीच्या पायथ्यापासून लांब राहून. ज्या बाजूनं पाणी येतं तो काठ हात न लावता उथळ सोडलेला. बेशरम मुळासकट काढायची पण बाकीच्या पाणगवताला धक्का नाही. निघालेला गाळ कुठल्या बांध्यांत टाकायचा तेही बाणानं दाखवलं. खाली मापं लिहिली, आणि कंत्राटदारानं उतार सरळ केला तर पाळ कशी खचेल ते दोन ओळींत. शेतकऱ्यांनी दोनदा प्रश्न विचारून सगळं समजून घेतलं, सारसमित्रानं कागदाचा फोटो काढला. पुढच्या ग्रामसभेत हा कागद ठेवायचा असं त्यांचं ठरलं. उन्हाळ्याच्या आत काम कसं निघतं ते कळवायला त्यांनी बाबांचा नंबर लिहून घेतला.